बैल गेल्यावर किती झोपे बांधणार?

दि. ७ जानेवारी २०२५ ची संध्याकाळ. पुण्याच्या येरवडा भागातील एका मोठ्या बीपीओ कंपनीच्या वाहनतळावर २८ वर्षांच्या एका तरुणीवर तिच्याच सहकाऱ्याने धारदार शस्त्राने वार केले. वाद उसन्या पैशांचा होता, असे पोलिसांनी सांगितले. ती तरुणी रात्री रुग्णालयात मरण पावली. खटल्याचा निर्णय न्यायालय देईल. परंतु त्या प्रसंगाचे चित्रीकरण साऱ्या देशाने पाहिले आणि त्यात जे दिसले, त्यासाठी कोणत्याही निकालाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. जखमी तरुणी जमिनीवर बसलेली, हातात शस्त्र घेतलेला हल्लेखोर तिच्याभोवती घुटमळणारा आणि काही अंतरावर तिच्याच कंपनीतील सुशिक्षित, सुस्थितीतील, गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली मंडळी उभी! हल्लेखोराने शस्त्र खाली टाकले आणि मग मात्र हीच गर्दी त्याच्यावर तुटून पडली.

दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून, वाहिन्यांवरून आणि कट्ट्याकट्ट्यावरून एकच उद्गार उमटला, ‘माणुसकी मेली!’ राष्ट्रीय महिला आयोगाने स्वतःहून दखल घेऊन सत्यशोधन समिती नेमली. मेणबत्त्या लागल्या, अग्रलेख झाले आणि काही आठवड्यांत सारे पूर्ववत झाले. ‘बैल गेला अन् झोपा केला’ ही म्हण ज्या भाषेत जन्मली, त्या भाषेच्या माणसांनी तरी या क्रमाला सरावू नये. झोपा बांधण्याचे कामही धड होत नाही, केवळ बैल कसा चांगला होता याची वर्णने होतात, ही तर त्याहून मोठी शोकांतिका आहे.

माणुसकी मेलेली नाही, सवय लागलेली नाही

‘माणुसकी मेली’ हे निदान सोपे आहे आणि म्हणूनच घातक आहे. त्यात कोणाचीच जबाबदारी निश्चित होत नाही. सगळ्या समाजाला दोषी ठरविले की कंपनीचा मनुष्यबळ विभाग सुटतो, व्यवस्थापन सुटते, सुरक्षेचे कंत्राट घेणारी संस्था सुटते आणि दूर उभा राहिलेला प्रत्येक जणही सुटतो.

शिवाय हे निदान खरेही नाही. येरवड्यातील घटनेच्या दीड वर्ष आधी, दि. २७ जून २०२३ रोजी, याच पुण्याच्या सदाशिव पेठेत एक माथेफिरू तरुण हातात कोयता घेऊन एका विद्यार्थिनीच्या मागे धावला होता. त्या वेळी स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे, खेड्यापाड्यांतून पुण्यात आलेले तरुण पुढे झाले. एकाने तो कोयता वरच्या वर धरला आणि त्या मुलीचे प्राण वाचले. दि. २५ जानेवारी २०१२ रोजी स्वारगेट आगारातून बस पळवून एसटीच्या एका चालकाने शहरभर मृत्यूचे थैमान मांडले, नऊ जणांचे बळी घेतले आणि तिसाहून अधिक लोकांना जखमी केले. तेव्हाही एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने धावत्या बसमध्ये शिरून त्याला आवरण्याचे धाडस केले होते. म्हणजे धैर्य या शहरातून हद्दपार झालेले नाही. परंतु ते कोणत्या वळणावर, कोणाच्या रूपाने भेटेल हे दैवावर सोपविलेले आहे.

संकटाच्या पहिल्या क्षणी बहुसंख्य माणसे थिजतात. हा भ्याडपणा नव्हे, हा मनुष्यस्वभाव आहे. काय करावे हे ज्याला आधी ठाऊक नसते, तो शेजारच्याकडे पाहतो. शेजारचा त्याच्याकडे पाहतो आणि पन्नास माणसांची गर्दी पन्नास एकट्या माणसांचा समूह होऊन उभी राहते. त्यांतील एकाने जरी ‘तू सुरक्षारक्षकांना बोलाव, तू ११२ ला दूरध्वनी कर, तुम्ही चौघे गाड्यांचे भोंगे वाजवा’ असे ओरडून सांगितले असते, तरी त्या गर्दीचे दल झाले असते. असा आवाज उपजत लागत नाही, तो लावावा लागतो. आगीची घंटा वाजली की जिन्याने उतरून मैदानात रांगेत उभे राहायचे, हे त्याच कंपन्यांतील कर्मचाऱ्यांना ठाऊक असते, कारण त्याचा सराव झालेला असतो. मग माणसाच्या हातून लागणाऱ्या आगीचा सराव का नसावा?

हिंसा आकाशातून पडत नाही

कार्यालयातील हिंसेच्या घटना एकत्र ठेवून पाहिल्या की एक गोष्ट वारंवार समोर येते. आघाताच्या आधी बहुधा इशारा असतो. तो कोणीतरी ऐकलेला असतो, परंतु ऐकणाऱ्याला त्याचे काय करायचे ते माहीत नसते.

स्वारगेटच्या त्या चालकाने रात्रपाळी बदलून मागितली होती आणि ती विनंती मान्य झाली नव्हती, हे न्यायालयातील कामकाजात नोंदले गेले आहे. दि. २९ जानेवारी २०१७ च्या रविवारी हिंजवडीत इन्फोसिसच्या इमारतीत नवव्या मजल्यावर एकटीच काम करीत बसलेल्या एका तरुण संगणक अभियंतीचा खून झाला आणि त्या आरोपाखाली पकडला गेला तो त्याच इमारतीचा सुरक्षारक्षक. तो रोखून पाहतो म्हणून तिने त्याला हटकले होते, तक्रार करण्याचे सुनावले होते, असे तपासात पुढे आले. दि. १९ मार्च २०२५ रोजी हिंजवडीतच एका मुद्रण व्यवसायातील कंपनीचे कर्मचारी घेऊन निघालेल्या टेम्पो ट्रॅव्हलरने पेट घेतला. मागचे दार उघडले नाही आणि चार कर्मचारी जळून मेले. प्रारंभी तो विजेच्या बिघाडाचा अपघात वाटला. पुढे पोलिसांनी सांगितले की, वाहनाच्या चालकानेच कंपनीतील ज्वालाग्राही रसायन आणून ही आग लावली. वेतन, बोनस आणि मिळणारी वागणूक यांचा राग त्याच्या मनात होता.

या यादीचा आरंभ फार जुना आहे. दि. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात एका तरुण परिचारिकेवर तेथील सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. तिनेही त्याला कामातील गैरवर्तनाबद्दल फटकारले होते. पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षे, दि. १८ मे २०१५ रोजी मृत्यूने सुटका करीपर्यंत, ती त्याच रुग्णालयात अचेतनप्राय अवस्थेत पडून होती आणि केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी पोटच्या मुलीसारखी तिची सेवा केली. त्या सेवाभावाला वंदनच केले पाहिजे. परंतु १९७३ चा धडा २०१७ मध्ये पुन्हा गिरवावा लागला, ही संस्थांच्या बुद्धीची नादारी होय.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. नाकारलेली रजा, कापलेला बोनस किंवा वरिष्ठाचा कठोर शब्द यांमुळे कोणाचाही खून क्षम्य ठरत नाही. लाखो कामगार अन्याय सोसतात आणि हातात कोयता घेत नाहीत. गुन्हेगाराचा अपराध गुन्हेगाराचाच. परंतु धुमसणारा निखारा दिसत असताना त्यावर पाणी टाकण्याची व्यवस्था नसणे, हा संस्थेचा स्वतंत्र अपराध आहे. विशेषतः तक्रार झाल्यापासून तिचा निवाडा होईपर्यंतचा काळ हा सर्वांत धोक्याचा असतो. या काळात तक्रार करणारी आणि जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती एकाच पाळीत, एकाच मजल्यावर, एकाच गाडीत राहणार असेल, तर ती संस्था तक्रारदाराला संरक्षण देत नाही, तिला उघड्यावर सोडते.

कागदावरचे प्रशिक्षण

‘आमच्याकडे प्रशिक्षण होते’ असे उत्तर यावर हमखास मिळते. होते, हे खरे आहे. १९९७ च्या विशाखा निवाड्यानंतर सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये, कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या १९ व्या कलमाने सुरक्षित वातावरण देण्याचे आणि ठरावीक काळाने कार्यशाळा घेण्याचे कर्तव्य मालकावर टाकले. त्याचे प्रत्यक्षातील रूप पुष्कळ ठिकाणी असे असते : वर्षातून एकदा वातानुकूलित सभागृहात तासभर इंग्रजी चित्रफिती, नंतर संगणकावर दहा प्रश्नांची परीक्षा, मग प्रमाणपत्र आणि शेवटी चहा. प्रमाणपत्र तपासणीच्या फायलीत लागते आणि कर्तव्य संपते.

या सभागृहात कोण नसते, ते पाहावे. दारावरचा रक्षक नसतो, गाडीचा चालक नसतो, उपाहारगृहातला पोऱ्या नसतो, सफाई करणारी बाई नसते. कारण ती ‘आपली माणसे’ नव्हेत, ती कंत्राटदाराची माणसे! वस्तुतः याच कायद्याने कंत्राटदारामार्फत नेमलेल्यांनाही कर्मचारी मानले आहे आणि मालकाने पुरविलेल्या वाहनालाही कामाचे ठिकाण म्हटले आहे. हा शब्द कायद्यात येण्यासाठी पुण्याने केवढी किंमत मोजली आहे! दि. १ नोव्हेंबर २००७ रोजी रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतील एका तरुणीला तिच्या कंपनीने ठरविलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने गहुंज्याकडे नेले आणि तिच्यावर अत्याचार करून तिचा खून केला. दोघांना फाशीची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती कायम केली आणि अंमलबजावणीत सरकारी यंत्रणेने केलेल्या दिरंगाईमुळे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती ३५ वर्षांच्या कारावासावर आणली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यास लागलेला वेळ गुन्हेगारांच्या पथ्यावर पडला. शिक्षेच्या धाकावर सारी भिस्त ठेवणाऱ्यांनी हा इतिहास डोळ्यांसमोर ठेवावा.

आणखी एक उणीव आहे. हा कायदा लैंगिक छळापुरता आहे आणि त्याचा हेतू तेवढाच आहे. परंतु येरवड्यातला वाद पैशांचा होता आणि टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये जळून मेलेले चौघेही पुरुष होते. उधारी, बढती, पाळी, अपमान, नशा, एकतर्फी प्रेम, घरचा कलह यांतून उद्भवणाऱ्या हिंसेसाठी कोणती समिती, कोणती कार्यशाळा, कोणता दूरध्वनी क्रमांक? जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०१९ मध्ये केलेल्या करारात कामाच्या जगातील सर्व प्रकारची हिंसा आणि कामावर जाण्या-येण्याचा प्रवास या दोहोंचा विचार झाला आहे. दि. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि स्त्रियांना त्यांच्या संमतीने रात्रपाळीचे दार सर्वत्र उघडले. हे स्वागतार्हच आहे. मात्र दार उघडताना उंबरठ्यावर दिवा लावण्याची जबाबदारीही तेथेच येते.

रुग्णालये आणि आगारे

ज्यांचा सामना रोज बाहेरच्या जमावाशी पडतो, त्यांची स्थिती तर अधिकच बिकट आहे. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई अशी त्यात तरतूद आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी अमानुष मारहाण केली, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. भिंतीवर लावलेला कायद्याचा फलक संतापलेला जमाव वाचत नाही.

येथे शिकविण्याजोगे पुष्कळ आहे आणि ते खर्चाचे नाही. मृत्यूची वार्ता कोणी, कोठे आणि कोणत्या शब्दांत सांगावी? तीस तास अखंड काम केलेल्या चोवीस वर्षांच्या मुलाने ती अपघात विभागाच्या दारात उभे राहून एकट्याने सांगावी काय? नातेवाइकांतील एक समजूतदार व्यक्ती आरंभीच निवडून तिच्याशीच बोलणे, तिला दर काही वेळाने स्थिती कळवीत राहणे, बोलणाऱ्याची पाठ दाराकडे आणि वाट मोकळी असणे, आवाज चढू लागताच सहकाऱ्याला खुणेने बोलावणे, या साध्या गोष्टी आहेत. एसटीच्या वाहकाला, वीज मंडळाच्या वसुलीस जाणाऱ्या कर्मचाऱ्याला, बँकेच्या खिडकीवरील भगिनीला याच गोष्टी थोड्या फरकाने लागू पडतात. सुट्ट्या पैशांवरून सुरू झालेली बाचाबाची हातघाईवर जाण्याआधी कोठे थांबवावी, हे वाहकाला तिकीट यंत्र चालविण्याइतक्याच गंभीरपणे शिकविले पाहिजे.

परकीय फॅड की आपली तालीम?

‘हे सारे अमेरिकी फॅड आहे’ असा आक्षेप काही मंडळी घेतील. त्यात तथ्यांश आहे. ऑगस्ट १९८६ मध्ये अमेरिकेतील एडमंड गावच्या टपाल कार्यालयात एका कर्मचाऱ्याने चौदा सहकाऱ्यांना गोळ्या घालून ठार केले. अशा घटना इतक्या झाल्या की ‘गोइंग पोस्टल’ हा वाक्प्रचारच तिकडे रूढ झाला. त्या समाजाने आपल्या दुखण्यावर आपले औषध तयार केले. आपल्याकडील कंपन्यांनी ती बाटली तशीच्या तशी आयात केली. बंदूकधारी कार्यालयात शिरल्यास टेबलाखाली कसे लपावे, हे पुण्याच्या कर्मचाऱ्याला इंग्रजीतून दाखविण्यात काय हशील? येथे कोयता आहे, रसायनाचा डबा आहे, गाडीचे चाक आहे. रक्षक आसामचा, चालक मराठवाड्याचा, सफाई कामगार विदर्भाचा. ज्याला ते समजलेच पाहिजे त्याच्या भाषेत जे नाही, ते प्रशिक्षण नव्हे. तो देखावा आहे.

परंतु प्रशिक्षण ही कल्पनाच परकी आहे असे पुण्याने तरी म्हणू नये. चिंचेची तालीम, खालकर तालीम ही नावे ज्या पेठांतून आजही नांदतात, त्या पेठांनी शरीर कमावणे आणि वस्तीचे रक्षण करणे या दोन गोष्टी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. मराठीत ‘तालीम’ म्हणजे आखाडाही आणि नाटकाची पूर्वतयारीही. दोन्हींचा अर्थ एकच, प्रसंग येण्याआधी प्रसंग जगून पाहणे. विसर्जन मिरवणुकीत लाखोंच्या गर्दीत दोर धरून वाट मोकळी करणारा मंडळाचा कार्यकर्ता कोणत्याही प्रबंधनशास्त्राच्या वर्गात गेलेला नसतो. त्याला जागा ठाऊक असते, सोबती ठाऊक असतात आणि कोणाच्या शब्दावर थांबायचे ते ठाऊक असते. तोच कार्यकर्ता सोमवारी कार्यालयात जाताच निव्वळ प्रेक्षक का होतो? कारण तेथे त्याला कोणी जागा नेमून दिलेली नसते.

दि. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत कामा रुग्णालयातील परिचारिका अंजली कुलथे यांनी दरवाजे बंद करून वीस गर्भवती स्त्रियांना कक्षाच्या टोकाच्या लहानशा खोलीत हलविले आणि सर्वांचे प्राण वाचविले. त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सुरक्षित वाटेने बाहेर पडण्यास सांगत राहून असंख्य जीव वाचविले. दोघांच्याही हाती शस्त्र नव्हते. एकीला आपल्या कक्षाचा कोपरा न् कोपरा माहीत होता, दुसऱ्याला आपल्या स्थानकाची वाट न् वाट. अशी असामान्य माणसे वारंवार लाभत नाहीत. म्हणूनच सामान्य माणसाला त्यांच्या पायरीपर्यंत नेणारी शिस्त हवी.

मागणी स्पष्ट हवी

ही शिस्त कशी असावी, हे सांगण्यास तज्ज्ञांच्या मंडळाची गरज नाही. प्रत्येक आस्थापनेत धमकी, पाठलाग, मारहाण यांची तक्रार घेणारी एक ठरलेली, ओळखीची व्यक्ती असावी आणि तिने त्याच दिवशी दोन्ही व्यक्तींच्या पाळ्या, मजले आणि वाहने वेगळी करावीत. राग धुमसत असलेल्या कामगाराचे गाऱ्हाणे ऐकण्याची जागा असावी. कामगार संघटनेचा जाणता प्रतिनिधी पुष्कळदा हे काम मनुष्यबळ विभागाहून चांगले करतो. रक्षक आणि चालक यांच्यासह सर्वांना त्यांच्या भाषेत, वर्षातून किमान दोनदा, प्रत्यक्ष वाहनतळावर, जिन्यात आणि गाडीत सराव द्यावा : अंतर कसे राखावे, गलका कसा करावा, आठ-दहा जणांनी मिळून खुर्च्या, शिरस्त्राणे, अग्निशामक नळकांडी यांचा आडोसा करून जखमीपर्यंत कसे पोहोचावे, वाहता रक्तस्राव दाब देऊन कसा रोखावा, ११२ कोणी लावावा आणि १०८ कोणी. एकट्याने शस्त्रावर झेप घ्यावी असे कोणी सांगत नाही. एकट्याने झेप घेण्याची वेळ कोणावर येऊ नये, यासाठीच हा खटाटोप. कंपनीच्या प्रत्येक वाहनाचे मागचे दार आतून उघडते की नाही, हे रोज सकाळी पाहावे. आणि घटना घडून गेल्यावर साक्षीदार कर्मचाऱ्याला पोलीस ठाण्यात व न्यायालयात एकटे सोडू नये; कंपनी त्याच्या पाठीशी उभी राहावी.

‘सुरक्षा हे पोलिसांचे काम’ म्हणून हात झटकणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की पोलीस कितीही तत्पर असले तरी पहिली काही मिनिटे त्यांची नसतात. ती तेथे असलेल्यांची असतात. ‘खर्च कोण करणार’ म्हणणाऱ्यांनी स्नेहसंमेलनाच्या मंडपाचे देयक काढून पाहावे.

मध्यमवर्गीय कुटुंबांचेही येथे कर्तव्य आहे. मुलीची निवड झाली की घरात पेढे वाटले जातात. वार्षिक वेतन किती, हे पहिल्या श्वासात विचारले जाते. रात्री घरी सोडणाऱ्या गाडीचा चालक कोणी पारखून नेमला, तक्रार कोणाकडे करायची, सराव शेवटचा कधी झाला, हे विचारण्याचा मात्र संकोच वाटतो. हजारो पालक हे प्रश्न विचारू लागतील, तर कंपन्यांना उत्तरे तयार ठेवावीच लागतील. आणि मुलाला निरोप देतानाही एक गोष्ट सांगावी : सहकारी संकटात असेल तर खिशातला भ्रमणध्वनी चित्रीकरणासाठी नव्हे, मदत बोलावण्यासाठी बाहेर काढायचा असतो. कंपन्यांच्या अंगणात झोपा बांधला जाईल तेव्हा जाईल. घरोघरी त्याची पहिली मेढ आजच रोवता येईल.